व्हिनेगर-सोड्याच्या फेसाने घर साफ होत नाही: त्या व्हायरल मेसेजला एकेक करून उत्तर

घराची मोठी साफसफाई काढायची वेळ आली की तो एक मेसेज हमखास फिरायला लागतो, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महागडे क्लीनर विसरा, व्हिनेगर आणि बेकिंग सोडा मिसळून ठेवा, त्याने ओटा काच फरशी सगळं लख्ख होतं, तुंबलेलं सिंक मोकळं होतं, ९९ टक्के जंतू मरतात, गादीवर सोडा भुरभुरला की धुळीतले किडे संपतात, डाग फारच चिवट असेल तर त्यात थोडं ब्लीच टाका आणि शेवटी कपाटातल्या अर्ध्या-अर्ध्या बाटल्या एकात ओतून जागा मोकळी करा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण यातल्या शेवटच्या दोन सल्ल्यांनी माणूस हॉस्पिटलमध्ये पोचू शकतो, म्हणून नुसतं इग्नोर न करता सविस्तर लिहितेय.

आधी ते मिश्रण. घरातलं व्हिनेगर म्हणजे साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड आणि बाकी जवळपास पाणीच. सोडा त्याच्या उलट, सौम्य अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात, जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड वायू, तो हवेत निघून जातो आणि भांड्यात उरतं ते सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी. म्हणजे ज्या आम्लपणासाठी व्हिनेगर घेतलं आणि ज्या अल्कलीपणासाठी सोडा घेतला ते दोन्ही आपणच घालवून बसलो. फेस बघून वाटतं जबरदस्त काम चाललंय, आणि मेसेज पटतो तो नेमका यामुळेच. त्यात काही लोक हे मिश्रण स्प्रे बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवतात, ते तर अजिबात करू नका, आत गॅस साठत जातो आणि बाटली फुटू शकते.

वेगवेगळं वापरलं तर मात्र दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, हे मी आवर्जून सांगेन. नळावर, शॉवरवर, किटलीच्या आत जो पांढरा कडक थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो, तो व्हिनेगरमध्ये विरघळतो, फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेवायचं आणि थोड्या वेळाने पुसून धुवून टाकायचं. पण संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे! त्यामुळे तेच व्हिनेगर संगमरवरी ओट्यावर किंवा फरशीवर गेलं की पॉलिश खाऊन टाकतं, आणि तो मंद पडलेला डाग पुसून जात नाही, दगड परत घासून पॉलिश करावा लागतो. मेसेजमध्ये "सगळ्या फरशांना चालतं" असं बिनधास्त लिहिलंय. लिंबाचंही तेच, आम्ल ते आम्लच. सोडा ओलसर फडक्यावर घेऊन घासायला चांगला, कण बारीक आणि मऊ असतात, त्यामुळे करपलेलं किंवा चहाचे डाग निघतात, फक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यावर लावून ठेवू नका, काळवंडतं.

आणि तेलकट चिकटा? गॅसच्या मागची भिंत, एक्झॉस्ट फॅन, कपाटांच्या वरची ती धूळ आणि तेल मिळून झालेली राळ, मोठ्या सफाईतली खरी मेहनत तर तिथेच जाते. व्हिनेगर ते काढत नाही. ते काम साबणाचं आहे. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, लावून पाच-दहा मिनिटं सोडून द्यायचं आणि मग पुसायचं. ही पाच-दहा मिनिटं कोणी देत नाही, लगेच घासायला लागतात आणि हात दुखले की म्हणतात साबणात दम नाही.

सिंकचा मुद्दा लवकर संपतो. पाइप तुंबतो तो केस, गोठलेलं तेल आणि अन्नाच्या गाळाने, केस ना सोड्याने विरघळतात ना व्हिनेगरने. वरची जाळी काढून हाताने केस ओढून काढा, प्लंजर मारा, किंवा खालचा वाकडा पाइप बादली लावून खोला आणि धुवा. आणि आधीच ड्रेन क्लीनर ओतलेला असेल तर त्यावर व्हिनेगर मुळीच ओतू नका, त्यात ब्लीच असू शकतं आणि त्याचं काय होतं ते पुढे येतंयच.

जंतू ९९ टक्के मरतात म्हणे. व्हिनेगर काही जीवाणूंवर थोडाफार परिणाम करतं हे खरं, पण भरवशाचं जंतुनाशक ते नाही, आजारी माणसाच्या खोलीत किंवा कच्चं मांस कापलेल्या ओट्यावर त्याच्यावर विसंबून राहणं चुकीचं आहे. खऱ्या जंतुनाशकाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की पृष्ठभाग किती वेळ ओला राहिला पाहिजे, तेवढा वेळ दिला तरच ते काम करतं, फवारलं आणि लगेच पुसलं तर पैसे वाया. त्यातही आधी साबणाने मळ काढायचा, मग जंतुनाशक, कारण मळाच्या थराखाली ते पोचत नाही आणि ब्लीच तर मळावरच खर्च होऊन जातं. खरं सांगायचं तर रोजच्या घरात प्रत्येक पृष्ठभाग जंतुमुक्त करायची गरजही नसते, साबण-पाण्याने धुतलं तरी बरेच जंतू निघून जातात.

गादीचं आता. धुळीतले माइट्स डोळ्यांना दिसत नाहीत, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या भागाएवढे असतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि लागणारं पाणी हवेतल्या दमटपणातून ओढून घेतात. सोडा गादीचा वास कमी करतो, बस तेवढंच, त्याने माइट्स संपत नाहीत. शिवाय ती बारीक पूड व्हॅक्यूमच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. ॲलर्जीचा मुख्य त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे होतो, म्हणजे किडे मेले तरी ती तिथेच राहतात, त्यामुळे धुणं महत्त्वाचं. चादरी आणि उशांचे अभ्रे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा (कपड्याचं लेबल बघून), गादीला चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर घाला, आणि खोली कोरडी ठेवा, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांचं जगणं अवघड होतं. घरात कोणाला दमा असेल तर सोड्याच्या नादात हे सगळं राहून जातं, वाईट त्याचं वाटतं.

आता ब्लीच. यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. बाथरूममध्ये तयार होतो तो त्यामानाने थोडाच, पण बाथरूम केवढं असतं, दार लावलेलं, खिडकी लहान, आणि क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असल्याने खाली साठतो, नेमका तिथे जिथे आपण वाकून किंवा बसून घासत असतो. टॉयलेट क्लीनर बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक ॲसिडचे असतात, ते आणि ब्लीच एकत्र म्हणजे आणखी वाईट. काही काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असतो, त्याच्याबरोबर ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन वायू होतात, तेही फुफ्फुसाला घातक. ब्लीच फक्त साध्या पाण्यात, लेबलवर दिलंय तेवढंच, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, बाकी कशातही नाही.

तरी चुकून झालंच, डोळे चुरचुरायला लागले, ठसका लागला, तर ते ओतून देत किंवा धुवत बसू नका, त्यावर दुसरं काही टाकूही नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही बाहेर काढा. श्वास लागत असेल, छातीत आवळल्यासारखं होत असेल तर थेट डॉक्टरकडे जा आणि काय काय मिसळलं होतं ते सांगा. त्रास काही तासांनी वाढूही शकतो, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून एकटं झोपून जाऊ नका.

हे एवढं वाचल्यावर बाटल्या एकात ओतायच्या सल्ल्याचं काय करायचं ते कळलंच असेल. दोन्हीवर नुसतं "बाथरूम क्लीनर" लिहिलेलं असतं, एकात आम्ल आणि दुसऱ्यात ब्लीच, आणि आपण जागा वाचवायला ते एकत्र करतोय. जागाच हवी असेल तर एकाच प्रकारच्या दोन बाटल्या आधी वापरून संपवा, संपेपर्यंत नवीन आणू नका. प्रत्येक गोष्ट तिच्या मूळ बाटलीतच राहू द्या, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नाही, पोरं पिऊन टाकतात. आम्लवाले क्लीनर एका खणात, ब्लीच दुसऱ्या खणात, दोन्ही मुलांच्या हाताला न लागेल एवढ्या उंचीवर पण आपल्या डोळ्यांच्या वर नको, म्हणजे काढताना सांडलं तर तोंडावर येणार नाही. लेबल निघून गेलंय, आत काय आहे आठवत नाही अशी बाटली हुंगून बघू नका आणि मोरीतही ओतू नका, झाकण लावून वेगळी ठेवा आणि घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या.