फक्त स्प्रिंग बदलून भागत नाही

गाडी खाली बसवायचा, म्हणजे तिची उंची कमी करायचा, विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे केला जातो. तो असा: 'रोजच्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग टाका, बस्स. शॉक कंपनीचेच राहू द्या. स्प्रिंग कडक असते, त्यामुळे गाडी आपटत नाही. जितकी खाली, तितकी वळणावर पकड चांगली. अलाइनमेंट महिन्याभराने करा, स्प्रिंग बसल्यावर. आणि पैसे नसतील तर मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापा, काम तेच होतं.'

(लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडीची उंची कमी करणारी स्प्रिंग, शॉक म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा नळी-दांड्याचा भाग, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नीट लावणं.) यात थोडं थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच हा सल्ला पटतो आणि पुढे जातो. पण ज्या गाडीतून रोज कामावर जायचं, मागे घरची माणसं बसवायची, भर पावसात हायवेला लागायचं, तिच्यासाठी हा सल्ला धोक्याचा आहे. एकेक मुद्दा घेतो.

'स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आपटत नाही'

सगळा घोळ इथून सुरू होतो. समजा मूळ उंचीवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० मिलिमीटरने खाली आली की उरले ५०. खड्ड्याचा दणका मात्र होता तेवढाच आहे. स्प्रिंग किती ऊर्जा पोटात घेते हे ती किती दबते त्याच्या वर्गावर ठरतं. म्हणजे ८० मिलिमीटरमध्ये जिरणारा दणका ५० मध्ये जिरवायचा तर स्प्रिंग अडीच पटीहून जास्त कडक हवी. रोजच्या वापरासाठी विकल्या जाणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग साधारण दहा ते तीस टक्क्यांनी कडक असतात. उरलेला दणका बम्प स्टॉपवर येतो.

बम्प स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावर बसवलेला फोमसारखा ठोकळा. गाडी चाकांवर उभी असताना धूळ अडवणारं रबरी कव्हर वर सरकवा आणि टॉर्च मारून बघा. शॉकच्या नळीचं तोंड आणि हा ठोकळा यांच्यात किती दांडा उघडा दिसतो? बऱ्याच गाड्यांत हे अंतर मुळातच जेमतेम दोन बोटांचं असतं, कारण ठोकळ्याला लवकर कामाला लावायचं हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं. तिथे ३० मिलिमीटर खाली आलात तर गाडी उभ्या उभ्याच ठोकळ्यावर टेकते. मग स्प्रिंग कुठल्या का कंपनीची असेना, तुम्ही बम्प स्टॉपवर गाडी चालवत असता.

यात कंबर हादरते हा त्रास दुय्यम आहे. वळणात बाहेरच्या बाजूचं चाक ठोकळ्यावर चढलं की त्या टोकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि त्या टोकाची पकड एकदम सुटते. पुढे झालं तर गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते, मागे झालं तर शेपूट बाहेर येते. कोरड्या रस्त्यावर हे चालकाच्या लक्षातही येणार नाही. ओल्या रस्त्यावर, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना येईल, आणि तेव्हा सावरायला वेळ नसेल.

'शॉक तेच चालतात'

कधी कधी चालतात, हे मान्य. स्प्रिंग तीस टक्क्यांनी कडक झाली तर तिला आवरायला लागणारं डॅम्पिंग (शॉकचा उसळी रोखणारा जोर) वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे साधारण चौदा टक्क्यांनी. तोच शॉक ठेवला तर त्याचा ताबा शंभरावरून अठ्ठ्याऐंशीवर येतो. शॉक नवा असेल आणि गाडी वीस-पंचवीस मिलिमीटरच उतरवली असेल, तर एवढी तूट खपून जाते.

पण बहुतेक जण स्प्रिंग बदलतात तेव्हा गाडी बरीच फिरलेली असते आणि शॉक आधीच मऊ पडलेले असतात. त्यावर ही तूट आली की गाडी उडी मारून एकदा बसत नाही, दोन-तीनदा डोलते. लोक म्हणतात, 'स्प्रिंग खराब निघाली.' स्प्रिंगचा काही दोष नसतो. त्यातून रोज ठोकळ्यावर आपटून शॉकचं उरलेलं आयुष्यही आटतं. चार-सहा महिन्यांनी शॉक बदलायचेच आहेत, तर एकाच कामाची मजुरी दोनदा का द्यायची?

आखूड शॉक वेगळे मिळतात ते याचसाठी. बिलस्टीन या शॉक बनवणाऱ्या कंपनीचंच घ्या: बी६ मूळ उंचीसाठी, बी८ लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. एका जागी दुसरा बसवायचा नसतो. आखूड शॉकमुळे दाबाची जागा थोडी परत मिळते आणि चाक पूर्ण लोंबकळतं तेव्हा स्प्रिंग आपल्या खोबणीतून सुटत नाही.

'जितकी खाली, तितकी पकड चांगली'

१२०० किलोची गाडी धरा. गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर. अर्ध्या जी-चं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचं, वळण घेतलं तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण २२० किलो भार सरकतो. ३० मिलिमीटर खाली आणल्यावर सरकतो २०८. फायदा खरा आहे, पण बारा किलोचा.

याउलट मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत, म्हणजे आजच्या बहुसंख्य छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढच्या बाजूला, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आडवा न राहता चाकाकडे चढता होतो. त्यामुळे रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंगने कमावलेला कडकपणा तिथे बराचसा खर्च होतो. टाय रॉडचा, म्हणजे स्टीयरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, कोनही बिघडतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीयरिंग न फिरवता गाडी बाजूला ओढते. पाव इंचापासून फरक पडू लागतो असं नाही, पण ४०-५० मिलिमीटर उतरवायचं तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (या दांड्यांच्या टोकांचे सांधे) सुद्धा बदलावे लागतात, आणि तो खर्च या सल्ल्यात कुठेच दिसत नाही.

'अलाइनमेंट महिन्याभराने'

नवी स्प्रिंग काही मिलिमीटर बसते, हे खरं. पण उंची बदलल्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाक सरळ दिशेपासून किती आत-बाहेर वळलेलं आहे तो कोन, बदललेला असतो. टो अर्ध्या अंशाने चुकला तर चाक दर किलोमीटरला पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. महिनाभर रोज पन्नास किलोमीटर करा आणि टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून बघा. कॅम्बरला (समोरून पाहिल्यावर चाक किती आत-बाहेर झुकलेलं आहे त्याला) उगाच शिव्या बसतात, टायर खातो तो मुख्यतः टो. म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करा, महिन्याने पुन्हा तपासा.

आणि ती करण्याआधी एक काम, जे घाईत राहून जातं. लोअर आर्मच्या बुशमधली (सांध्यातल्या रबरी तुकड्यातली) पोलादी नळी बोल्टने आवळून पकडलेली असते, आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय आणि अशात बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, संकोच नको.

'वेढा कापला तरी तेच होतं'

होत नाही. प्रत्यक्ष दबणाऱ्या सहा वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, तेवढं खरं. पण शेवटचा वेढा खोबणीत बसण्यासाठी मुद्दाम वळवलेला असतो, कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही. गॅसने कापली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग तिथे तुटू शकते. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका.

मग घ्यायचं काय? माझं मत: रोजच्या गाडीला २५, फार तर ३० मिलिमीटर, त्याच स्प्रिंगसाठी बनवलेले शॉक, नवे बम्प स्टॉप आणि वरचे माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला धरणारे भाग), सगळं एकाच खेपेत. बम्प स्टॉप कापायचा तर स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच.

स्प्रिंग मागवण्याआधी आपल्या गाडीची जागा मोजता येते. सध्याच्या शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकची झिप टाय हलकेच आवळून नळीच्या तोंडापर्यंत खाली सरकवा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर नेहमीची माणसं बसवून गाडी चालवा. मग गाडी सपाट जागी उभी करून नळीच्या तोंडापासून टाय किती वर ढकलली गेली ते मोजा. तेवढी जागा तुमचा रस्ता रोज वापरतो. टाय आत्ताच ठोकळ्यात घुसलेली सापडली, तर मूळ उंचीच ठेवा आणि पैसे चांगल्या शॉकवर आणि टायरवर घाला.