एका चौकटीतली फुली

जुन्या फाइली आवरताना काल एक नकाराचा कागद पुन्हा हातात आला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, नाकारला की एक छापील फॉर्म मिळतो. कारणं आधीच छापलेली, प्रत्येकापुढे चौकट, आणि अधिकारी त्यातल्या एखाद्या चौकटीत फुली मारतो. या कागदावरची फुली, मुदत संपण्याआधी अर्जदार परत जातील याबद्दल शंका आहे, या कारणापुढे होती. अर्ज एका निवृत्त काका-काकूंचा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, परतीचं तिकीट, विमा, सगळं मी स्वतः क्रमाने लावलं होतं. वर्षानुवर्षं व्हिसाच्या फाइली लावतेय, कागदात कुठेही खोट नव्हती. काका तो फॉर्म हातात धरून म्हणाले, "आम्ही परत येणार नाही असं यांना का वाटलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. नकार मिळाला तरी फी परत मिळत नाही. जून 2024 पासून ती माणशी 90 युरो झाली आहे.

पर्यटन धोरण म्हटलं की लोकांना विमानतळावरचे मोठे फलक आणि जाहिराती आठवतात. मला मात्र ही चौकट आठवते. जाहिरातीवर कितीही खर्च करा, पाहुण्याची देशाशी पहिली गाठ पडते ती व्हिसाच्या खिडकीवर. उझबेकिस्तानने हे ओळखलं. वर्षानुवर्षं किचकट व्हिसासाठी ओळखला जाणारा देश, पण 2018 मध्ये त्यांनी ई-व्हिसा सुरू केला आणि 2019 च्या फेब्रुवारीपासून 45 देशांच्या नागरिकांना 30 दिवस बिनव्हिसा प्रवेश दिला. समरकंद, बुखारा ही तिथली जुनी शहरं तर शतकानुशतकं तिथेच होती. बदलला तो फक्त नियम. सौदी अरेबियानेही 2019 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच 49 देशांच्या पर्यटकांसाठी दार उघडलं.

याचा अर्थ सगळी दारं सताड उघडी टाका, असं मी म्हणत नाही. काही जागा वाचवायला कडक व्हावंच लागतं. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट घ्या. सांडपाणी थेट समुद्रात जात होतं, पाणी हिरवं पडत होतं. सरकारने 2018 मध्ये सहा महिन्यांसाठी अख्खं बेट पर्यटकांना बंद केलं. सफाई झाली, किनाऱ्याला खेटून झालेली बांधकामं हटली, आणि ऑक्टोबरमध्ये बेट उघडलं तेव्हा रोज किती पर्यटक येऊ शकतील याला मर्यादा घातली होती. निर्णय योग्यच होता. पण तो जाहीर झाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि बेट बंद झालं 26 तारखेला. जेमतेम तीन आठवडे! मोठ्या हॉटेलाच्या मालकाला सहा महिने तग धरता येतो. नाववाल्याला, खोल्या झाडणाऱ्या बाईला, किनाऱ्यावर मसाज करणाऱ्या मुलीला तीन आठवड्यांत पोट भरायचं दुसरं साधन कुठून मिळणार? हजारो लोक गाठोडी बांधून गावी परतले. या माणसांना आधी विचारायची पद्धत जवळजवळ कुठल्याच देशात नाही, आणि माझा सगळा राग तिथे आहे.

कधी कधी तर भांडण भलतंच असतं. दक्षिण कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं, चीन चिडला आणि 2017 च्या मार्चमध्ये चिनी ट्रॅव्हल कंपन्यांनी कोरियाचे ग्रुप विकणं बंद केलं. 2016 मध्ये सुमारे 80 लाख चिनी पर्यटक कोरियात गेले होते, पुढच्या वर्षी आकडा जवळपास निम्म्यावर आला. सोलमधल्या चिनी बोलणाऱ्या गाइडचा त्या यंत्रणेशी काय संबंध?

भूतानबद्दल मला मनापासून आदर आहे. पर्यटक थोडे असावेत आणि त्यांच्या पैशातून शाळा-दवाखाने चालावेत, हा त्यांचा विचार जुना आणि स्वच्छ आहे. पण कोविडनंतर सप्टेंबर 2022 मध्ये दार उघडताना त्यांनी बहुतेक परदेशी पाहुण्यांची रोजची फी 65 वरून थेट 200 डॉलर केली. पाहुणे अपेक्षेइतके आले नाहीत आणि वर्षभरात फी 100 वर आणावी लागली. या वेळी मात्र हा दर चार वर्षं कायम राहील, असं त्यांनी सोबतच सांगून टाकलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फी 100 असो की 200, पुढच्या सीझनला ती किती असेल हे माहीत असलं तर गाइड कर्ज काढून गाडी घेऊ शकतो, घरमालक आणखी दोन खोल्या बांधू शकतो. दर सहा महिन्यांनी नियम फिरले तर कोण हिंमत करेल?

काका-काकूंनी युरोपचा अर्ज पुन्हा केला नाही. साठवलेले पैसे तसेच होते. पुढच्या वर्षी मी त्यांचा उझबेकिस्तानचा ई-व्हिसा भरून दिला, तीन दिवसांत ईमेलवर आला. समरकंदच्या रेगिस्तान चौकातल्या निळ्या कमानींसमोर उभ्या असलेल्या काकूंचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. परतीच्या तारखेला दोघंही घरी होते.