गेर्विनुस ते नाडलर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि मग माझा मूळ लेखही पुन्हा वाचून काढला. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : जर्मन इतिहासकार गेओर्ग गोटफ्रीड गेर्विनुसने १८३५ ते १८४२ या काळात पाच खंडांत लिहिलेल्या जर्मन राष्ट्रीय साहित्याच्या इतिहासाचे मी कौतुक केले, पण साहित्याला राष्ट्राच्या दावणीला बांधले ते त्यानेच, विसाव्या शतकातल्या योझेफ नाडलर या साहित्येतिहासकाराचे टोळ्या आणि मातीवर उभे केलेले लेखन हे त्याच बियाण्याचे पीक आहे, आणि हे दडवून मी वाचकांची दिशाभूल केली.

यातला एक भाग मला मान्य आहे. गेर्विनुसने या विषयाला शिस्त लावली एवढे लिहून मी पुढे गेलो, त्या शिस्तीची किंमत सांगितली नाही. सौंदर्याचा निवाडा हे आपले काम नव्हे, असे तो स्वतःच स्पष्ट म्हणतो. त्यामुळे त्याच्या हाती कविता ही राष्ट्राच्या वाढीतली एक पायरी होते, आणि त्या चढणीत जिला जागा नाही ती कितीही सुंदर असली तरी मागे पडते. हे मी लिहायला हवे होते.

मात्र ‘राष्ट्र’ हा शब्द दोघांनी वापरला म्हणून दोघांचे राष्ट्र एकच, हे मला पटत नाही. गेर्विनुस लिहीत होता तेव्हा जर्मनी नावाचे राज्यच नव्हते. तीसहून अधिक राज्यांचा एक सैल संघ होता. १८३७ मध्ये हानोफरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा निषेध नोंदवणाऱ्या गटिंगेनच्या सात प्राध्यापकांत परीकथांचे संग्राहक ग्रिम बंधू यांच्याबरोबर गेर्विनुसही होता. सातही जणांना बडतर्फ करण्यात आले आणि गेर्विनुस, याकोब ग्रिम व इतिहासकार डालमान या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. त्याच्या लेखी राष्ट्र म्हणजे घटना मागणारे नागरिक.

पाचव्या खंडाचा शेवट या दृष्टीने पाहावा. कलेची स्पर्धा संपली, आता ज्यावर आपल्यापैकी कोणाचाही बाण बसलेला नाही असे दुसरे लक्ष्य धरू आणि अपोलो तिथेही यश देतो का ते पाहू, अशा आशयाचे ते वाक्य आहे. ते होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गातून आले आहे. कुऱ्हाडींच्या रांगेतून बाण आरपार गेल्यावर ओडिसियस जवळजवळ हेच बोलतो, आणि त्याचा पुढचा बाण त्याच्या घरात ठाण मांडून त्याच्या बायकोला मागणी घालणाऱ्यांपैकी आन्तिनोओस मद्याचा पेला उचलत असताना त्याच्या गळ्यात घुसतो. ग्रीक शिकलेल्या वाचकांना हा संदर्भ सांगावा लागत नव्हता. गोएथेच्या मृत्यूनंतर जर्मनांनी राजकारणाकडे वळावे, हे सांगायला त्याने हीच ओळ निवडली, याला मी फार महत्त्व देतो.

आपण काढलेली सरळ रेघ मधल्या माणसांमुळेही मोडते. गेर्विनुस आणि नाडलर यांच्या मधल्या पिढीतला साहित्येतिहासकार विल्हेल्म शेरर याच्या १८८३ च्या इतिहासात जर्मन साहित्याचे तीन बहर आहेत : साधारण इसवी सन ६००, १२०० आणि १८००. शेवटचे दोन भरभक्कम पुराव्यावर उभे आहेत. पहिल्याचा मात्र त्या काळातला एकही काव्यग्रंथ हाती नाही. जुन्या वीरगाथेचा जर्मन अवशेष म्हणून जे ‘हिल्डेब्रांडची गाथा’ हे काव्य दाखवता येते, ते नवव्या शतकात एका धार्मिक हस्तलिखिताच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांवर उतरवलेले आहे आणि अडुसष्टाव्या ओळीच्या आसपास तुटते. सहाशे वर्षांची लाट आधी आखली गेली आणि मग तिच्यासाठी शिखर शोधले गेले, असे मला वाटते. हा दोष आहे, पण तो निसर्गविज्ञानासारखे नियम इतिहासात शोधण्याच्या मोहातून आलेला आहे, टोळी आणि मातीच्या विचारातून नव्हे.

नाडलरबद्दल आपण लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे. १९१२ पासून निघालेल्या त्याच्या इतिहासात लेखक आपल्या टोळीचा आणि प्रदेशाचा वाहक ठरतो. स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम) हे पूर्वेकडच्या ‘नव्या’ टोळ्यांचे कार्य होते, असे तो मांडतो. १९३८ ते १९४१ च्या आवृत्तीत ग्रंथाचे नाव बदलून ‘जर्मन लोकांचा साहित्येतिहास’ झाले आणि नाझी वंशविचार उघडपणे आत आला. इथे माणूस जन्मानेच आत किंवा बाहेर असतो. गेर्विनुसच्या योजनेत असे कुंपण नाही.

१९६६ मध्ये म्यूनिकच्या अधिवेशनात जर्मन भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी आपल्या विद्याशाखेचा नाझी काळ उघडपणे तपासायला घेतला, आणि आपली भूमिका त्या झाडाझडतीच्या जवळची आहे. तिचा मला आदर आहे. पण अपराधाची मुळे शोधताना शंभर वर्षांपूर्वीच्या प्रत्येकाला त्यात ओढले, तर ज्यांनी आपल्या काळच्या सत्तेला विरोध केला त्यांचा विरोध पुसला जातो. गेर्विनुसवर १८५३ मध्ये एका ऐतिहासिक ग्रंथासाठी राजद्रोहाचा खटला झाला आणि हायडेलबर्गमधला शिकवण्याचा अधिकार गेला. प्रशिया या सर्वांत बलाढ्य जर्मन राज्याच्या बळावर झालेले जर्मनीचे एकीकरण त्याला मान्य नव्हते. १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. बरोबर दोन महिन्यांनी, १८ मार्चला, तो वारला.

मूळ लेखात सौंदर्याच्या निवाड्याविषयीचा परिच्छेद मी आज रात्री जोडतो आहे. गेर्विनुसविषयीचा बाकीचा मजकूर तसाच राहील.