‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: आवक म्हणजे साठा नव्हे

नमस्कार. किनाऱ्याजवळच्या म्हाकुलांवरच्या (म्हणजे स्क्विडवरच्या) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंय: “सोलापुरात बसून समुद्राच्या गप्पा मारू नका. मिरकरवाड्याला म्हाकुल टनाने उतरतंय, म्हणजे समुद्रात भरपूर आहे.” मिरकरवाडा म्हणजे रत्नागिरीचं मासेमारी बंदर. पुढे एलईडीची, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासळी खेचून केलेली मासेमारी, एका ‘मोठ्या म्हाकुला’ची गोष्ट, माझी लांबलचक वाक्यं आणि ‘पुस्तकी किडा’ ही पदवी. आपण मूळचे रत्नागिरीचे आणि आता जुळे सोलापुरात राहता, असंही लिहिलंय. म्हणजे सोलापुरात बसून समुद्रावर बोलणारे आपण दोघंही आहोत. तो हक्क फक्त मला का नाही, हे कळलं नाही.

एक गोष्ट मान्य. लेखात खोली कुठे वावात तर कुठे मीटरमध्ये दिली होती, त्यामुळे गोंधळ झाला असेल. एक वाव म्हणजे जवळपास 1.83 मीटर, म्हणजे 20 वाव म्हणजे 36-37 मीटर. आता सगळीकडे मीटर केले आहेत.

पण ‘टनाने उतरतंय म्हणजे भरपूर आहे’ हे मात्र सोडून देता येत नाही. इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना आणि शीर्षपादांच्या (म्हाकुल, माकूळ, अष्टपाद यांच्या गटाच्या) नोंदी तपासताना मी ज्या चुकीच्या विरोधात बोलत आलो, ती हीच. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा शेतात उभं पीक किती आहे हे त्या रांगेवरून कुणी सांगत नाही. भाव, सुट्ट्या, पावसाची भीती, सगळं त्या रांगेत मिसळलेलं असतं. बंदरावरच्या आवकेचंही तेच आहे.

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची मासेमारी बंदी साधारण 1 जून ते 31 जुलै असते. त्या काळात यांत्रिक नौकांची आवक शून्य. म्हणून समुद्रातलं म्हाकुल संपतं का? उलट आपलं नेहमीचं भारतीय म्हाकुल (युरोट्यूथिस दुवाउसेली, जुन्या पुस्तकांतलं लोलिगो) जेमतेम वर्षभर जगतं आणि झपाट्याने वाढतं. दोन महिन्यांत पिल्लं बरीच वाढतात, जाळी पुन्हा पडतात आणि आवक एकदम उसळते. त्या उसळीत वाढ आहे, विश्रांती मिळालेली जागा आहे आणि सगळ्या नौका एकदम बाहेर पडल्याचा परिणामही आहे. यातलं किती कशामुळे, हे टनांचा आकडा सांगत नाही.

साठा मोजायचा तर जाळ्याने घासलेलं क्षेत्र काढावं लागतं. ट्रॉल जाळ्याचा, म्हणजे नौकेमागे ओढत नेण्याच्या पिशवीसारख्या जाळ्याचा, वरचा दोर 30 मीटरचा आहे असं धरा. ओढताना तोंड साधारण त्याच्या निम्मं, म्हणजे 15 मीटर उघडतं. नौका 3 नॉटने (ताशी 3 सागरी मैलांनी) तासभर चालली तर साडेपाच किलोमीटर जाते. गुणाकार केला की सव्वाआठ हेक्टर तळ घासला गेला. त्यात 33 किलो म्हाकुल आलं तर हेक्टरी 4 किलो. पण तोंडासमोरच्या निम्म्या म्हाकुलांनी उसळी मारून जाळं चुकवलं असेल तर खरा आकडा 8. आणि 3 नॉट हा वेग पाण्यातला असेल, मागून 1 नॉटचा प्रवाह असेल, तर तळावर नौका 4 नॉटने गेली. क्षेत्र 11 हेक्टर, आणि तेच 33 किलो हेक्टरी 3 वर आलं. म्हणून वेग जीपीएसचाच घ्यायचा. मासळी तीच, जाळं तेच, आणि उत्तर 3 ते 8 पर्यंत फिरतं. यातलं काहीही न विचारता ‘भरपूर’ म्हणायचं?

वेळही लिहावी लागते. हे म्हाकुल दिवसा तळाशी दाटतं आणि रात्री वर येऊन पाण्यात पसरतं. तळाचं जाळं रात्री ओढलं की तेच क्षेत्र ओसाड दिसतं. दिवसाची आणि रात्रीची ओढ एकाच सरासरीत घातली की ती सरासरी कशाचीच राहत नाही.

शिवाय म्हाकुल थव्याने राहतं, तेही मुख्यतः शंभरेक मीटर खोलीच्या आत. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी पसरलं की ते तिथून हटतं, कारण पातळ खारेपण त्याला सोसत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्टीवर खालून कमी ऑक्सिजनचं पाणी चढतं. म्हाकुलाचं रक्त निळं, हेमोसायनिनचं. ते आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा कमी ऑक्सिजन वाहतं, आणि पोहण्याचा खर्च मोठा. अशा पाण्यात ते टिकत नाही. राहण्याजोगा पट्टा अरुंद झाला की थवे दाटतात, आणि त्या पट्ट्यात नेमकं जाळं पडलं की नौका भरते. साठा कमी होत असतानाही अनुभवी तांडेल (नौकेचा प्रमुख) थवा शोधून काढतो आणि ताशी पकड बराच काळ चांगलीच दिसते. आपल्या ‘टनाने’मधला खरा धोका हा आहे, आणि लेखाचा निम्मा भाग मी त्यावरच खर्च केला होता. आपण तो वाचला असता तर बरं झालं असतं.

त्यात पुढच्या वर्षासाठी शिल्लकही नसते. मादी तळाशी बोटांसारख्या पांढुरक्या, जेलीच्या शेंगांचे झुबके चिकटवते, प्रत्येक शेंगेत अंडी. अंडी घातल्यावर ती फार जगत नाही. तळ घासणारं जाळं त्या झुबक्यांवरूनही जातं. म्हणून यंदाच्या भरघोस आवकेवरून पुढच्या वर्षाची हमी देता येत नाही.

एलईडीबद्दल: आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे. आणि आपण ज्या ‘मोठ्या म्हाकुला’ची गोष्ट केली ते खोल अरबी समुद्रातलं जांभळ्या पाठीचं उडतं म्हाकुल, स्थेनोट्यूथिस. ती जात वेगळी, पट्टा वेगळा. वाक्यं लांब आहेत की आखूड, यावर मी वाद घालणार नाही.

‘पुस्तकी किडा’ला उत्तर देत नाही. आपल्या ओळखीत तांडेल असतील तर प्रत्येक ओढीमागे एवढं लिहून घ्या: तारीख, जाळं टाकल्याची आणि काढल्याची वेळ, जीपीएसवरची सुरुवात आणि शेवट, खोली मीटरमध्ये, वरच्या दोराची लांबी, शेवटच्या पिशवीचा आस (जाळीच्या भोकाचं माप), म्हाकुलाचं वजन, आणि फेकून दिलेल्या बारक्यांचं वजन वेगळं. बर्फाच्या कप्प्यात सगळ्या ओढींचा माल एकत्र झाला की ही नोंद नंतर सुटी करता येत नाही, म्हणून ती डेकवरच व्हायला हवी. अशा नोंदी पाठवल्यात तर हिशोब मी करतो आणि इथे आपल्या नावानिशी लावतो.