मामा दिसला की हेल्मेट डोक्यावर

नाशिकच्या मुंबई नाक्याला रोजचं तेच. कोपरात लटकवलेलं हेल्मेट मामा दिसला की झटकन डोक्यावर, पट्टा लोंबतोच. सिग्नल सुटला की परत कोपरात. अरे, डोकं तुझं की मामाचं?

काल गोदाघाटावर एक काका निर्माल्याची पिशवी घेऊन उभे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझ्याशी नजरानजर झाली तर चक्क नदीला नमस्कार! चार पावलं गेलो नाही तोच मागे डुबुक.

२००६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी लिहिलं होतं, चहा-कॉफीचे पैसे आपणहून टाकायच्या डब्यापाशी नुसतं डोळ्यांचं चित्र लावलं तर फुलांच्या चित्रापेक्षा जवळपास तिप्पट पैसे जमले. आमच्या जिन्यात तर साक्षात देवांच्या फरशा लावल्यात. आता लोक दोन देवांच्या मधोमध नेम धरून पिचकारी मारतात.