सोन्याचे टॉवर, सहाच कमी
'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) या ब्रिटिश विनोदी सिनेमाला एका लेखात नुसता टाइमपास म्हटलंय. हलकाफुलका खराच, पण वीण घट्ट. सोनं वाहून नेणाऱ्या गाडीवर राखणीला बसणारा इमानी कारकून (अ‍ॅलेक गिनेस) तेच सोनं लंपास करतो, वितळवतो आणि आयफेल टॉवरच्या शोभेच्या प्रतिकृतींत ओततो. माल बिनबोभाट फ्रान्सला. माशी शिंकते ती पॅरिसमध्ये: भाषेच्या घोटाळ्यात नको ती पेटी उघडते आणि सहा टॉवर इंग्रज शाळकरी मुलींच्या हाती पडतात. मग त्या मुलींना गाठायला कारकून आणि त्याचा साथीदार खऱ्या टॉवरच्या गोल जिन्यावरून धावत सुटतात. चक्कर येते तसं हसू आवरेनासं होतं. दीड तासाच्या आत खेळ खलास. सुरुवातीला नजर ठेवा, ऑड्री हेपबर्न क्षणभरच दिसते.