घर पाहावं बांधून, पिचर पाहावा निवडून

आधी अभिनंदन. डेली फॅन्टसी बेसबॉल खेळायचं तुम्ही मनावर घेतलंत. आता एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी साडेपाच ते सात, म्हणजे नेमकं पोळ्या लाटायच्या आणि मुलांची गणितं तपासायच्या वेळेला, तुम्हाला टाळता न येणारं काम असेल. न्यू जर्सीत वीस वर्षं काढून मला जे कळलं ते तुम्हाला एका बैठकीत सांगतो. फुकट सांगतो. पैसे पुढे जाणारच आहेत.

खेळ सोपा आहे. ड्राफ्टकिंग्ज नावाच्या साइटवर तुम्हाला ५०,००० डॉलर मिळतात. हे डॉलर खोटे. तुम्ही भरता ते खरे. त्या खोट्या डॉलरांत दहा माणसं बसवायची : चेंडू टाकणारे दोन पिचर, आठ फलंदाज. ती माणसं त्या रात्री मैदानात जे काही करतील त्याचे गुण तुमच्या खात्यात, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. फॅनड्युएल या दुसऱ्या साइटवर पिचर एकच घ्यायचा असतो, त्यामुळे तिथे चूक करायला वाव निम्मा. हौशी माणसाने दोनवाल्याकडेच जावं.

फलंदाजांवर फार वेळ घालवू नका. दहापैकी सात वेळा बाद होणारा माणूस या खेळात थोर समजला जातो, त्याच्याकडून एका रात्रीत काय मागणार? म्हणून सगळे जाणकार एकमुखाने सांगतात, भरवसा ठेवायचा तर सामना सुरू करणाऱ्या स्टार्टिंग पिचरवर. हे वाक्य पाठ करून ठेवा. रात्री साडेअकराला कामी येतं.

ड्राफ्टकिंग्जवर पिचरच्या गुणांचा हिशेब असा. प्रत्येक बाद फलंदाजामागे पाऊण गुण, म्हणजे तीन बादांच्या पूर्ण इनिंगचे सव्वादोन. फलंदाजाला चेंडू मैदानात मारूच न देता बाद केलं तर तो स्ट्राइकआउट, त्याचे दोन जास्तीचे. विजय नावावर लागला तर चार. अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय गेलेला रन) दिला की दोन वजा, हिट (फटका मारून बेस गाठणं) किंवा वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस) दिला की ०.६ वजा. तुमच्या पिचरने सहा इनिंग टाकल्या, सात जणांना स्ट्राइकआउट केलं, पाच हिट, दोन वॉक आणि दोन रन दिले, तर झाले १९.३. विजय मिळाला तर २३.३. पत्रिकेत छत्तीस जुळले तरी संसाराची हमी नसते. इथे वीस जुळले की एका रात्रीचा संसार तरतो.

उलट बाजूही सांगायला हवी. चार जणांना बाद करून, त्यात एक स्ट्राइकआउट, सहा हिट, दोन वॉक आणि सात रन देऊन साहेब तंबूत परतले, तर वजा १३.८. वजा! ती जागा मोकळी सोडली असतीत तर तेरा गुणांनी वर राहिला असतात. पण मोकळी जागा सोडायला अभ्यास लागत नाही, आणि आपण अभ्यासू लोक.

तेव्हा अभ्यासाकडे वळू. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे किती अर्न्ड रन दिले, हा आकडा बघून पिचर निवडणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या गृहस्थांनी मांडलं की चेंडू एकदा बॅटला लागून मैदानात आला, की तो हिट ठरतो की झेल, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. खरं त्याच्या हातात काय, तर स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेला फटका. या विचारातून फक्त एवढ्यावर पिचर मोजणारा एफआयपी हा आकडा आला, एफआयपी पुरेना म्हणून एक्सएफआयपी आला, त्यावर सिएरा आला. या तिन्ही आकड्यांनी तुमच्या पिचरबद्दल तीन वेगळी मतं दिली तर घाबरू नका, ती खरी पर्वणी. ज्याचं मत तुमच्या मनाशी जुळतं तो आकडा ‘जास्त शास्त्रशुद्ध’ समजायचा. आपल्याकडे तीन ज्योतिषी गाठायची पद्धत आहेच.

पुढे फॉर्म. फॉर्म बघितल्याशिवाय पैसा लावू नये. जून २०२३ मध्ये यांकीज संघाच्या डोमिंगो हर्मानचा फॉर्म कुणालाही दिसत होता. आदल्या सामन्यात सिॲटलने त्याला १० रन ठोकले होते. शहाण्या माणसांनी त्याच्या नावावर फुली मारली. २८ जूनला ओकलंडमध्ये तो उभा राहिला आणि त्याने परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस आले, सत्तावीस गेले, एकही पहिल्या बेसवर पोचला नाही. बेसबॉलच्या इतिहासातली ती चोविसावी वेळ. नऊ स्ट्राइकआउट, पूर्ण सामन्याचा बोनस, शून्य रनचा बोनस, नो-हिटरचा, म्हणजे एकही हिट न दिल्याचा बोनस; सगळी बेरीज ५२.२५. ज्यांनी फॉर्म न बघता त्याला घेतलं, ते अडाणी पैसे मोजत बसले. तुमच्यासारखे अभ्यासू मात्र तत्त्वाला चिकटून राहिले, याचा अभिमान वाटू द्या.

मग उलटं करावं का? ज्याने नुकताच पराक्रम केला त्याला घ्यावं? जरूर घ्या. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघातल्या फिलिप हम्बरने २१ एप्रिल २०१२ ला असाच परफेक्ट गेम टाकला होता. त्या वर्षअखेरीस त्याचा ईआरए ६.४४ होता. परफेक्ट गेम धरून.

विजयाच्या चार गुणांबद्दल लोक फार हळवे होतात. ते गुण तुमच्या पिचरचे आहेत असं समजू नका. त्याने निदान पाच इनिंग टाकायच्या, तोवर त्याच्या फलंदाजांनी आघाडी घ्यायची, आणि तो बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला असताना मागून येणाऱ्या चौघा बदली पिचरांनी ती टिकवायची. २०१८ मध्ये मेट्स संघाच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता, विजय १०, पराभव ९. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचा १.९७, विजय १०, पराभव १०. दोघांनाही सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम पिचरवर तुम्ही सर्वात जास्त पैसे लावता आणि चार गुणांसाठी त्याच्या संघातल्या सर्वात सामान्य माणसांकडे आशेने बघता. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये.

आणि मॅनेजर! पिचर निवडताना खरं तर मॅनेजरची पत्रिका आधी मागवावी. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना आठवा. टँपा बेचा ब्लेक स्नेल नुसता कापत सुटला होता. नऊ स्ट्राइकआउट, हिट फक्त दोन, चेंडू ७३. सहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर केव्हिन कॅश शांतपणे चालत आले आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेतला. कारण एकच पिचर त्याच फलंदाजांना तिसऱ्यांदा भेटला की मार खातो, असं आकडे सांगत होते. तुम्ही बघता तेच आकडे. स्नेलला स्वतःला काय वाटलं ते टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं, ओठ वाचता येत असतील तर ऐकूही येत होतं. समोरच्या डॉजर्सनी त्याच इनिंगमध्ये आघाडी घेतली आणि सिरीज खिशात घातली. विज्ञानाचा असा विजय होत असताना तुमचे दहा डॉलर गेले तर ते देणगी समजा.

याच टँपा बेने मे २०१८ मध्ये आणखी एक शोध लावला होता. सर्जिओ रोमो हा शेवटी येणारा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, त्याला सुरुवातीला पाठवलं. एक इनिंग टाकून तो बाजूला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. या प्रकाराला ओपनर म्हणतात, आणि सामना बंद करायला येणाऱ्याला क्लोजर. हे शब्द ऐकून तुमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत चमक आली असेल. बरोबर आहे. मुंबईत मटका मडक्यात शिरण्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडा लागायचा. ओपन आणि क्लोज. न्यूयॉर्कहून आकडा मुंबईला यायचा आणि गिरणगावात कुणाचा तरी पगार जायचा. आपण निदान एवढी प्रगती केली की पगार घेऊन स्वतःच न्यूयॉर्कजवळ राहायला आलो.

अर्थात हा जुगार नाही. माझ्यासमोर तो शब्द काढू नका. २००६ च्या अमेरिकी कायद्याने फॅन्टसी खेळांना वेगळं काढलेलं आहे, कारण यात कौशल्य लागतं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, तेव्हा पुण्याहून भाच्याचा फोन आला, “मामा, आमचं दुकान मिटलं. तुमचं चालू आहे ना?” त्याच्या आवाजात जी असूया होती ती मी इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या आवाजातही ऐकलेली नाही.

कौशल्याचंच बोलतोय तर मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा एक अभ्यास सांगतो. २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात डेली फॅन्टसीत खेळाडूंनी कमावलेल्या नफ्यापैकी ९१ टक्के नफा १.३ टक्के लोकांनी नेला. ते लोक संगणकाकडून लायनअप, म्हणजे निवडलेले संघ, तयार करून घेतात आणि मोठ्या स्पर्धेत एकेकजण दीडशे लायनअप उतरवतो. तुम्ही एक उतरवता, तीही कुकर खाली ठेवून. पण एकटं वाटून घेऊ नका. उरलेले ९८.७ टक्के आपलेच आहेत. महाराष्ट्र मंडळाचा हॉल पुरायचा नाही.

आता मैदान आणि हवा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे. वरच्या सज्जात जिथे बरोबर ५,२८० फूट होतात तिथल्या खुर्च्यांची एक रांग जांभळी रंगवली आहे. तिथे हवा विरळ. मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला वळत नाही. २००२ पासून चेंडू दमट खोलीत ठेवतात, तरीही पिचरचे हाल थांबलेले नाहीत. तिथे कुणीही पिचर घेत नाही, आणि म्हणूनच एखाद्या रात्री ‘आज कुणीच घेणार नाही, आपण घेऊ’ असा विचार तुमच्या मनात चमकेल. त्याला प्रतिभा म्हणतात. तिचा दर मी वर दिला आहे, वजा १३.८.

शिकागोच्या रिग्ली फील्डवर मात्र वारा विचारून घ्या. मिशिगन सरोवराकडून आत येत असेल तर होमरन हवेत अडकतात, बाहेर जात असेल तर झेलसुद्धा प्रेक्षकांत पडतात. पावसाचं तर विचारूच नका. तासभर खेळ थांबला की मॅनेजर त्याच पिचरला सहसा परत आणत नाही, खांदा गार पडतो म्हणून. तीन इनिंगमध्ये सहा स्ट्राइकआउट करून तुमचा माणूस जाकीट घालून बसतो आणि तुम्ही खिडकीतून आभाळ बघता, जे तुमच्या गावचं असतं, सामन्याच्या गावचं नसतं. वेधशाळेला हसत मोठी झालेली आपली पिढी. आज मी पिट्सबर्गचं रडार तासातासाला उघडतो. माझ्या सांगलीत पूर आला होता तेव्हाही इतक्यांदा उघडलं नव्हतं.

दुबळा प्रतिस्पर्धी शोधा, हा सल्ला कुठेही मिळेल. २०२४ चे व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. त्यांच्याविरुद्ध कोणताही पिचर चालवावा, असं पोरंटोरं सांगत होती. पण त्यांनी ४१ जिंकले. त्या ४१ पैकी माझ्या वाट्याला किती आले ते विचारू नका.

हे सगळं ज्याला कळतं तो एका नावावर येतो. आणि मग दिसतं की बाकीचे निम्मे लोकही त्याच नावावर आलेत. अशा पिचरला चॉक म्हणतात. तो घ्यावा, तर जिंकूनही पुढे जाता येत नाही, कारण सगळेच जिंकले. सोडावा, तर तो नेमका बारा स्ट्राइकआउट करतो. यावर तोडगा असा, की साडेसहापर्यंत त्याला ठेवावा, सहा अठ्ठावन्नला काढावा, आणि कुणीतरी कुठेतरी ज्याच्या ‘नव्या स्लायडर’बद्दल, म्हणजे वळणाऱ्या चेंडूबद्दल, बोललं होतं असा कुणी घालावा. मी गेल्या उन्हाळ्यात हेच केलं. आई तेव्हा इथे आली होती. ती टीव्हीपुढे मेथी निवडत बसली होती आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, “हा मघापासून नुसता टोपी सारखी करतोय. टाकणार कधी?” मी तिला समजावलं, की आता २०२३ पासून घड्याळ लावलंय, बेस मोकळे असतील तर पंधरा सेकंदांत टाकावाच लागतो. त्याने टाकला. चेंडू दुसऱ्या मजल्यावर गेला. “हेच टाकायचं होतं तर घाई कशाला केली मेल्याने,” आई म्हणाली.

काढलेल्या पिचरचं त्या रात्री काय झालं ते अवश्य बघा. बघू नये असं सगळे सांगतात, पण मग झोप लागत नाही. बघितल्यावरही लागत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे दहाला सुरू होतात, म्हणजे कुणीतरी अजून खेळत असतं आणि हिशेबाने आशा असते. साडेबारापर्यंत ती पुरते.

उद्या बुधवार. काही संघांना संध्याकाळचं विमान गाठायचं असतं, म्हणून सामना दुपारी साडेबारालाच आहे. एकला तुमची टीम मीटिंग असेल. कॅमेरा बंद ठेवा. माइकही.